गे असल्याचं टीमला कळलं तर नागपुरात कबड्डी खेळता येईल का?

येईल की भाऊ. तू कोणावर प्रेम करतोस हे नोंदणीच्या फॉर्मवर कोणी विचारत नाही, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची भीतीही २०१८ नंतर उरलेली नाही. धावपटू द्युती चंदने मे २०१९ मध्ये आपलं समलिंगी नातं जाहीर केलं, घरातून विरोध झाला, तरी जुलैत नापोलीच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं.

खरी अडचण मैदानावरच्या तोंडांची. चढाईत कच खाल्ली की ‘बायल्या’ ऐकू येतंच, खेळाडू कोणीही असो. तेव्हा कोच दटावतो की स्वतःही हसतो, ते आधी बघ. हसणारा असेल तर सांगायची घाई नको, जमलं तर क्लब बदल. बोलायला माणूस हवा असेल तर नागपुरातच एलजीबीटी लोकांसाठी काम करणारा सारथी ट्रस्ट आहे.