डबल ईगल घेताय? आधी हे बघा

भाऊ, डबल ईगल म्हणजे अमेरिकेचं २० डॉलरचं सोन्याचं नाणं, त्यातलं शिल्पकार सेंट-गॉडन्सच्या डिझाइनचं घेताय ते छानच, पण साल जुनं म्हणजे नाणं दुर्मिळ असं धरून चालू नका. १९२४ ची फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ४० लाखांच्या वर पाडली आणि आजही हवी तेवढी मिळतात, उलट १९२७ ची डेन्व्हरच्या टांकसाळीत १,८०,००० पाडलेली पण १९३३ नंतर अमेरिकन सरकारने सोन्याची नाणी वितळवली त्यात जवळपास सगळी गेली, आज जेमतेम डझनभर माहीत आहेत. म्हणजे किती पाडली ते नाही, किती उरली ते बघायचं.

मग कंडिशन. दिव्याखाली तिरकं धरून हळू फिरवा, चमक नाण्यावरून गोल फिरली पाहिजे, आणि लिबर्टीच्या (नाण्यावरची उभी स्त्री) छातीवर नि गुडघ्यावर झीज आहे का ते भिंगातून बघा. टांकसाळीच्या पिशवीत नाण्यांवर नाणी आपटून पडलेले ओरखडे चालतात, बहुतेकांवर असतातच, पण एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या तर कुणीतरी पुसलंय, सोडून द्या. माझं पहिलं असंच पुसलेलं निघालं, विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं, फार वाईट वाटलं. आणि हात जोडून सांगतो, घरी आणून तुम्ही स्वतः कधीच पुसू नका, मऊ कापडानेसुद्धा नाही. पहिलं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या) यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या, सर्टिफिकेट नंबर ऑनलाइन ताडून.