छंदविषयक प्रश्नोत्तरे : प्रतिकृती घोड्यासाठी चामड्याचे खोगीर

प्रश्न : मुलीला तिच्या मावशीने अमेरिकेतून ब्रेयर कंपनीचा सुमारे नऊ इंच उंचीचा घोडा पाठवला आहे. त्याच्यासाठी मी जुन्या पर्सच्या चामड्याचे इंग्लिश पद्धतीचे खोगीर शिवले. लांबी-रुंदी मोजून घेतली होती, तरीही खोगीर बोजड दिसते आणि पाठीवर नीट बसत नाही. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपली लांबी-रुंदी बरोबर असेल, पण जाडीचे काय? नऊ इंची घोडा हा या कंपनीच्या ‘ट्रॅडिशनल’ मालिकेतला, म्हणजे खऱ्या घोड्याच्या एक नवमांश असतो. खऱ्या खोगिराचे पाखे (दोन्ही बाजूंना लोंबणारे चामड्याचे पदर) साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचे धरले, तर आपल्याकडे ती जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली यायला हवी. रिकिबीचा (स्वाराने पाय ठेवायच्या कडीचा) पट्टा खऱ्यात साधारण २५ मिलिमीटर रुंद असतो, तो इथे पावणेतीन मिलिमीटरचा होतो. लहान कापणे कात्रीला जमते. पातळ करणे हेच या छंदातले खरे कसब आहे आणि नवशिक्याने पहिला वेळ त्यालाच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्सचे चामडे या कामाला बहुधा उपयोगी पडत नाही. ते बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि वर रंगाचा थर असतो. कापलेल्या कडेच्या मध्यभागी निळसर-करडी रेघ दिसली, तर ते क्रोमचेच समजावे. असे चामडे ओले करून घोड्याच्या पाठीवर दाबले, तरी वाळल्यावर तो आकार धरून ठेवत नाही. आपले खोगीर पाठीवर बसत नाही, त्यामागे हेही कारण असणार. झाडांच्या साली आणि हिरड्यासारखी फळे वापरून कमावलेले चामडे मात्र पाणी पिते, मऊ होते आणि वाळताना दिलेला आकार पकडते. कोल्हापुरी चपलेचे चामडेही याच कमावणीचे, पण ते आपल्या कामासाठी फार जाड असते. पातळ, गुळगुळीत आणि बारीक दाण्याचे, म्हणजे पृष्ठभागावरची नैसर्गिक नक्षी बारीक असलेले, वासराचे चामडे चांगले. परदेशातले कारागीर कांगारूचेही वापरतात, कारण ते पातळ केल्यावरही बळकट राहते. बकरीचे टाळावे, कारण खोगीर नऊपट लहान झाले तरी चामड्यावरचा दाणा काही लहान होत नाही.

तासण्यासाठी चामड्याचा तुकडा काचेवर दाणेदार बाजू खाली करून ठेवावा, रापी (चांभाराची चामडे तासायची सुरी) किंवा नवे पाते जवळजवळ आडवे धरावे आणि आपल्यापासून दूर ढकलत न्यावे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी अखंड साल निघाली, तर पात्याला धार आहे. भुसा पडू लागला, की पाते बदलावे. पट्टे जनावराच्या कण्याला समांतर दिशेने कापावेत, म्हणजे ते ताणले जात नाहीत. आकार देताना घोड्याची पाठ आधी पातळ प्लॅस्टिकने गुंडाळून घ्यावी, नाहीतर ओल्या चामड्याचा रंग घोड्यावर उतरतो.

शिलाईबाबत एक सूचना. खऱ्या खोगिरावर इंचाला आठ-दहा टाके असतात. त्या प्रमाणात आपल्याला इंचाला सत्तर ते नव्वद टाके घालावे लागतील. तेव्हा जोड डिंकाने पक्के करून, दातेरी चाक ओलसर चामड्यावर फिरवून टाक्यांचा नुसता भास निर्माण करण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : बक्कल आणि कड्यांसाठी पितळी तार चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दिसायला सुरेख दिसते, पण चामड्यातल्या तेलाशी तांबे-पितळेचा संबंध आला की ते कळकते आणि चामड्यावर हिरवट डाग पडतो. स्टेनलेस स्टीलची बारीक तार वाकवायला कठीण असली, तरी तीच घ्यावी. कोकणात पावसाळ्यात बुरशीचीही काळजी घ्यावी लागेल. खोगीर घोड्यावर कायम चढवून न ठेवता कोरड्या डब्यात वेगळे ठेवावे. त्यामुळे घोड्याचा रंगही घासला जात नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. इथल्या प्रतिकृती घोड्यांच्या प्रदर्शनात मराठा घोडेस्वाराच्या पद्धतीचे खोगीर सजवून मांडता येईल का? लगामाची कडी तोंडात कशी बसवावी, हेही कळत नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : अवश्य मांडता येईल. अशा प्रदर्शनांत साज चढवलेल्या घोड्यांचे वेगळे वर्ग असतात आणि देशोदेशीच्या पारंपरिक साजांसाठीही जागा असते. परीक्षक तिथे कारागिरीइतकेच साज योग्य जागी बसला आहे का, हे पाहतात. तंग (खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा) पुढच्या पायाच्या कोपराला चिकटेल इतका पुढे सरकलेला नसावा, दोन्ही रिकिबी सारख्या लांबीवर असाव्यात आणि लगाम मानेवर ताठ उभा न राहता स्वतःच्या वजनाने पडल्यासारखा दिसावा. यातली शेवटची गोष्ट पुन्हा जाडीवरच येते. जाड पट्टा लोंबत नाही.

घोड्याचे तोंड साच्यातच मिटलेले असल्यामुळे कडी आत जात नाही. तिची दोन टोके ओठांच्या कोपऱ्यांशी चिकट मेणाच्या कणाने टेकवतात. मेण नंतर सहज निघते.

मराठा साजाबाबत इतकेच सांगतो, की खोगीर, नमदा (खोगिराखालची लोकरी गादी), तंग, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) यांतला प्रत्येक भाग एखाद्या संग्रहालयातल्या वस्तूवरून किंवा जुन्या चित्रावरून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र व दोन-चार ओळींची इंग्रजी माहिती असलेले छोटे कार्ड घोड्याशेजारी ठेवावे. अमेरिकन परीक्षकाने दुमची पाहिलेली असेल, पण आपल्याकडची गोंड्यांची सजावट त्याला ओळखू येईलच असे नाही, आणि कार्ड नसेल तर तो ती केवळ हौसेने लावलेली समजून गुण कापू शकतो.