पॉइंट शूज आलेत, पण तोलच राहत नाही

प्रश्न: ताई, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. लेक अकरा वर्षांची, भरतनाट्यम पाच वर्षं झालं आणि आता दीड वर्षापासून बॅले. मामाने हौसेने बाहेरून पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बॅलेचे शूज) आणलेत, ते घालून घरात खिडकीचा कठडा धरून उभी राहते आणि हात सोडला की डगमगते, मग रडारड. रोज काय करून घेऊ?
– एक आई

उत्तर: आधी ते शूज कपाटात ठेवा बघू. मामाला वाईट वाटेल, वाटू दे. हे शूज पायावर घालून, टीचरसमोर तपासूनच घ्यायचे असतात, आणि "पुढच्या वर्षीपण होतील" म्हणून एक नंबर मोठा तर अजिबातच नाही, कारण सैल शूजमध्ये पाय खाली घसरतो आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. दीड वर्ष तसंही कमीच, साधारण तीन-चार वर्षं नियमित बॅले झाल्यावर, अकरा-बारानंतर आणि तेही पायात ताकद असेल तरच टीचर परवानगी देतात, या वयात पायाची हाडं अजून वाढत असतात ना. पॅरिसला 1832मध्ये नर्तकी मारी ताग्लिओनी 'ला सिल्फिड' या बॅलेमध्ये पायाच्या बोटांच्या टोकावर नाचली तेव्हा तिचे शूज नुसते मऊ सॅटिनचे, पुढे टाके घातलेले, बोटांभोवतीचा आतला कडक भाग, म्हणजे बॉक्स, नंतर आला. म्हणजे उभी राहिली ती पायाच्या जोरावर.

तर तोल अनवाणीच कमवायचा. दोन्ही पायांवर टाच उचलायची, दोन मोजत वर आणि चार मोजत खाली, उतरताना धपकन सोडायचं नाही, खरं काम तिथेच होतं. मग एकेका पायावर. गुडघा सरळ ठेवून वीसेक वेळा जमलं आणि घोटा हलला नाही तर पुढचं बोलू. तुम्ही मागे बसून घोटा बघा. तो करंगळीच्या बाजूला कलला की तिथेच थांबवा, पाय मुरगळतो तो असाच, भार पहिल्या दोन बोटांवरून सरळ जायला हवा. बोटं न वळवता तळव्याची कमान वर ओढायचा व्यायामपण रोज, दिसायला काहीच नाही पण दोन मिनिटांत पाय भरून येतो. दात घासताना एका पायावर उभं राहू दे, जमलं की भिंतीजवळ डोळे मिटून, म्हणजे डोळ्यांचा आधार सुटतो आणि घोटा स्वतः सावरायला शिकतो.

भरतनाट्यमचा फायदा आहेच. सयाजीरावांच्या लग्नानंतर तंजावरच्या नर्तकी बडोद्यात आल्या, तेव्हापासून आपल्याकडे अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) ओळखीची, आणि पाय खुब्यातून बाहेर वळवायचे, गुडघ्यातून नाही, हे बॅलेतही तसंच. फक्त अडवूंचा (भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांचा) तास झाल्या झाल्या हे व्यायाम नकोत, पोटऱ्या थकलेल्या असतात. आणि घोट्याच्या मागे दुखलं तर तेल चोळत बसू नका, फिजिओला दाखवा.

प्रश्न: पावसाळ्यात माझे पॉइंट शूज वाळतच नाहीत, बॉक्स मऊ पडतो. उन्हात ठेवू का?
– कॉलेजची मुलगी, अलकापुरी

उत्तर: ऊन नको. आतलं पॅडिंग काढ आणि पंख्याखाली टांगून ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच कोंबू नकोस. बॉक्स कापड, कागद आणि गोंदाच्या थरांचा असतो, घामाने सैल होणारच, म्हणून परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापर. दाबल्यावर बाजू आत जायला लागल्या की जोड संपला समज, प्रोफेशनल डान्सरचा तर कधीकधी एका शोमध्येच संपतो.