मुलगी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला आहे. हरिकेन येतंय म्हटलं की आम्ही दोघं नाशिकमध्ये रात्रभर फोन रिफ्रेश करत बसतो. नक्की कोणती वेबसाइट बघावी?

नॅशनल हरिकेन सेंटरची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या वादळ-केंद्राची. बाकीचे बहुतेक जण त्यांचंच उचलतात आणि वर लाल रंग ओततात. यूट्यूबवरचे वादळतज्ज्ञ तर आधी बंद करा.

मायामीच्या या केंद्राचं मुख्य बुलेटिन दिवसातून चारदा येतं. हरिकेनच्या दिवसांत भारतातल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि रात्री अडीच. वादळ किनाऱ्याजवळ आलं की मधेही एकेक येतं. रात्री साडेआठचं बघायचं आणि झोपायचं. तुम्ही जागे राहिलात म्हणून वादळ वळत नाही.

मी टॅम्पातच राहते, शहराच्या उत्तरेला, समुद्रापासून बरीच आत. तुमचा प्रश्न वाचून आमचे धाकटे भावोजी आठवले, म्हणून पुढचं लिहिते आहे.

2024 च्या ऑक्टोबरात मिल्टन आलं. दोनच आठवड्यांपूर्वी हेलीन लांबून उत्तरेकडे निघून गेलं होतं, तरी त्याने खाडीकाठच्या घरांत पाणी घातलंच होतं. भिजलेल्या गाद्या, सोफे, ड्रायवॉलचे, म्हणजे इथल्या प्लास्टरच्या भिंतींचे, तुकडे अजून रस्त्याकडेला ढिगाने पडलेले. त्यात सोमवारी, 7 तारखेला, मिल्टन बघता बघता कॅटेगरी 5, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं, झालं. वारे ताशी 180 मैल, म्हणजे जवळजवळ 290 किलोमीटर. मग महापौर जेन कॅस्टर टीव्हीवर म्हणाल्या की रिकाम्या करायला सांगितलेल्या भागात थांबलात तर मराल. डॅलसला राहणाऱ्या भावोजींनी त्यातला 'सांगितलेल्या भागात' एवढा तुकडा गाळला आणि ग्रुपवर टाकलं, "टॅम्पात थांबलात तर मराल. वहिनी, आत्ताच्या आत्ता निघा."

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्यांनी ते वाचलं, मग काय विचारता.

इथे पाण्याच्या धोक्याप्रमाणे ए ते ई असे झोन आहेत. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ए आणि बी झोनमधल्या आणि सगळ्या मोबाइल होममधल्या (कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरांतल्या) लोकांना निघायला सांगितलं होतं. आमचं घर कुठल्याच झोनमध्ये नाही. पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं, हे इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि पळायचं तेही दहा-वीस मैल आत. राज्य ओलांडायची गरज नसते. पण भावोजींना हे सांगणार कोण? वादळ कुठून कुठून जाऊ शकेल ते रंगीत रेघांनी दाखवणारा नकाशा असतो, दर तासाला त्याचा स्क्रीनशॉट. एक रेघ आमच्या दारावरून गेली की फोन.

मंगळवारभर सासूबाई दशम्या लाटत होत्या, कारण आमची शेगडी विजेवरची, लाइट गेले की चहासुद्धा नाही. मी पातेल्यांत पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवलं, बाथटब भरला. हे गाडीत पेट्रोल भरायला गेले तर पंपांच्या नळ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. म्हणजे पेट्रोल संपलं. ज्यांना खरोखर निघायचं होतं ते खाडीकाठचे लोक त्या पिशव्या बघत गावभर फिरत होते. त्यांच्या वाटणीचं पेट्रोल आम्ही शेजारच्या राज्यात, अटलांटापर्यंत, जाळायचं होतं का?

बुधवारी रात्री वादळाचा डोळा, म्हणजे मध्य, 'सिएस्टा की' नावाच्या बेटावर जमिनीला लागला, कॅटेगरी 3 होऊन, टॅम्पाच्या दक्षिणेला साधारण पाऊणशे किलोमीटरवर. तेवढ्याने सगळं फिरलं. हरिकेनचे वारे इथे घड्याळाच्या उलट फिरतात, आम्ही डोळ्याच्या उत्तरेला, त्यामुळे वारा जमिनीकडून समुद्राकडे. खाडीत पाणी चढायच्या ऐवजी ओसरलं. सारासोटाकडे दक्षिणेला मात्र चढलं. हरिकेन सेंटरच्या नकाशावर वादळाच्या वाटेचा जो शंकूसारखा पट्टा असतो, त्याचा अर्थ इतकाच की वादळाचं केंद्र तीनपैकी साधारण दोनदा त्यातून जातं. कोणाच्या घराला काय होणार, ते त्यात लिहिलेलं नसतं.

आता अटलांटाचं. 2017 मध्ये इर्मा आलं तेव्हा भावोजी मायामीला होते. ते गुरुवारी गाडी घेऊन आमच्याकडे आले, मायामीत नको म्हणून. शुक्रवारी वादळाचा अंदाज पश्चिमेला, म्हणजे आमच्याच बाजूला सरकला. आम्ही म्हटलं, भिंती पक्क्या आहेत, थांबा. नाही. त्याच संध्याकाळी जाऊबाई आणि मुलांना घेऊन उत्तरेकडे, आय-75 महामार्गावर. अर्धा फ्लोरिडा त्याच रस्त्यावर, गाड्या मुंगीच्या पावलांनी. कसेबसे अटलांटाला पोचले, आणि सोमवारी इर्माचा उरलेला जोर तिथेच गेला. अटलांटाला ट्रॉपिकल स्टॉर्मचा (हरिकेनच्या खालच्या पायरीच्या वादळाचा) इशारा इतिहासात पहिल्यांदा लागला तो तेव्हा. भावोजी हॉटेलात अंधारात. तरी प्रत्येक गणपतीत तेच ऐकवतात, "आम्ही निदान निघालो तरी, तुम्ही बेफिकीर."

एक मात्र सांगायला हवं. झोनबाहेर म्हणजे धोक्याबाहेर असं नाही. मिल्टनमध्ये सेंट पीटर्सबर्गला एका दिवसात 18 इंचांहून जास्त पाऊस पडला, आणि टॅम्पातही झोनबाहेरच्या काही घरांत पाणी शिरलं. डोळा पोचायच्या कितीतरी आधी पार पूर्व किनाऱ्यावर सेंट लूसी काउंटीत टोर्नेडोने माणसं गेली. मुलगी सखल जागी किंवा मोबाइल होममध्ये राहत असेल, घरात कोणी ऑक्सिजनवर असेल, तर मी वर काय लिहिलंय ते विसरा आणि तिला निघायला सांगा.

नाहीतर तिला आजच, वादळ नसताना, तिचा झोन विचारा. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की कळतो. वादळात फोन करू नका, मेसेज टाका. नेटवर्क कमी असलं तरी तो जातो आणि तिची बॅटरी टिकते. झोनमध्ये नसेल आणि घरीच थांबते म्हणाली, तर तिला अटलांटाला पिटाळू नका. हे मी आमच्या ग्रुपवर लिहिलं असतं, पण तिथे लिहिलं की सासूबाई रागावतात.