१९९९ ची जिप्सी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरच्या घरी दुरुस्त करता येईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न असा आहे की वडिलांच्या नावावरची १९९९ ची मारुती जिप्सी किंग काही वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. ती मुंबईतच, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, सुट्टीच्या दिवशी स्वतः काम करून रस्त्यावर आणता येईल का, आणि त्याच ओघात मोठे टायर, उंच पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) व डिझेल इंजिन बसवून घ्यावे का. पहिल्या भागाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर बहुतांशी नाही असे आहे, आणि त्याची कारणे कामाच्या क्रमातूनच स्पष्ट होतील. मी बोरिवलीत अशीच एक जुनी जिप्सी सांभाळतो आणि तिची बरीचशी कामे इमारतीखालीच करतो, त्यामुळे पुढचे सर्व या शहराची हवा आणि जागा गृहीत धरून लिहीत आहे.

एकही नट सोडण्यापूर्वी कागद पाहावेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासणीसाठी नेऊन, दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. मुदत किती आहे हे एमपरिवहन ॲपवर दिसते. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नसतील, तर फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर हस्तांतर आधी करून घ्यावे, कारण नंतरचा प्रत्येक अर्ज त्याच एका मुद्द्यावर अडतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या कायद्यातील दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. समोर लावायचे लोखंडी बुल बार तर केंद्राने २०१७ च्या अखेरीसच बेकायदा ठरवले आहेत. रस्त्यावर अशा गाड्या सर्रास दिसतात हे खरे, पण आपल्याला ही गाडी तपासणीसाठी पुन्हा पुन्हा आरटीओत न्यायची आहे.

दुसरे काम चासीचे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचे, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्प करावा की सोडावा हे याच दिवशी ठरते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर गंजते, आणि ताडपत्री तिला पावसापासून वाचवते तितकीच आतली वाफही कोंडून धरते. गाडीखाली झोपून, डोळ्यांवर गॉगल लावून, छोट्या हातोडीने संपूर्ण चासी ठोकत जावी. चांगले लोखंड खणखणीत वाजते. कुजलेले बद्द वाजते आणि पापुद्रे गाळते. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळचा (पाटा चासीला टांगणाऱ्या कडीजवळचा) भाग, मागच्या ॲक्सलवर (दोन चाकांमधील आडव्या दांड्यावर) चासी जिथे वर वळते तो भाग, बॉडी जिथे बोल्टने बसते ते कंस आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा ही नेहमीची ठिकाणे आहेत. पत्रा कुजला असेल तर काळजीचे कारण नाही, पत्रा नवा लावता येतो. चासीला भोके असतील तर ते काम पार्किंगमध्ये करू नये. पेट्रोलची टाकी उतरवून आणि बॅटरीच्या तारा सोडून, मूळ जाडीचा पत्रा लावणाऱ्या चांगल्या फॅब्रिकेटरकडे गाडी टोइंग करून न्यावी. भोकांवर पुट्टी भरून वर काळा रंग मारून देणारेही अनेक आहेत, आणि विकायला काढलेल्या जिप्सींत असे काम इतके दिसते की अंडरबॉडी कोटिंग नुकतेच केलेली गाडी पाहिली की माझा संशयच वाढतो.

जागेबद्दल थोडक्यात. समितीला लेखी कळवावे, ग्राइंडर दुपारी चालवू नये आणि खाली जाड प्लास्टिक व पुठ्ठा अंथरावा. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. गाडीखाली जायचे तर चासीखाली किंवा ॲक्सलखाली दोन स्टँड हवेतच आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या हव्यात. पेव्हर ब्लॉकच्या फरशीवर जॅक एका बाजूला खचतो, म्हणून त्याखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा.

इंजिन सुरू करण्याची घाई करू नये. १९९९ च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे, कार्ब्युरेटरचे इंजिन असते; सोळा व्हॉल्व्हचे ८० अश्वशक्तीचे एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) इंजिन त्यानंतर आले. टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण काढावे, कारण ते वर्षानुवर्षे पडून राळेसारखे होते आणि कार्ब्युरेटरची जेट (बारीक छिद्रे) बुजवते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑईल सोडावे, रात्रभर ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. ते सहज फिरले तरच स्टार्टरला हात लावावा. टायमिंग बेल्ट, पाण्याचे होज आणि पेट्रोलचे सर्व रबरी पाइप न तपासता बदलून टाकावेत. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्या काळातील रबर त्यासाठी बनलेले नाही. पेट्रोल पंपातील पडदाही त्याच कारणाने लवकर जातो. जुना पाइप गरम इंजिनावर पाझरला तर काय होते हे सांगण्याची गरज नाही, त्यामुळे अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवूनच पहिली सुरुवात करावी.

ब्रेकमध्ये काटकसर नको. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, आणि आपल्या हवेत ते फार वेगाने शोषते. म्हणून मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर आणि पुढच्या कॅलिपरचे पिस्टन आतून गंजलेले असण्याची शक्यता जवळजवळ गृहीत धरावी. रबरी होज तिन्ही ठिकाणी बदलावेत आणि लोखंडी नळ्या ॲक्सलच्या कडेने हात फिरवून तपासाव्यात. ड्रममधील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी; जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते.

पुढचा ॲक्सल हा जिप्सीचा सर्वांत रंजक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मालक नेहमी तक्रार करतात की ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरते, आणि गॅरेजमध्ये त्यावर स्टीअरिंग डँपर (हादरे शोषणारी नळी) बदलण्याचा उपाय सांगितला जातो. डँपर थरथर दाबतो, तिचे कारण काढत नाही. पुढचे चाक उचलून, टायरला वर आणि खाली धरून हलवून पाहावे. खुळखुळ जाणवली तर कोणालातरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली तर दोष व्हील बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने हब (चाक ज्यावर बसते तो भाग) नकलला (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याला) जखडले जाते. ब्रेक दाबूनही ती राहिली तर किंगपिनची, म्हणजे नकल ज्या खुंट्यांवर वळते त्यांची, बेअरिंग झिजली आहेत. किंगपिनखाली पातळ शिम (चकत्या) असतात आणि त्या कमी-जास्त करून नकल किती घट्ट फिरावे हे ठरवता येते. टाय रॉड सोडून आणि नकलचे सील काढून, स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून हा घट्टपणा मोजतात. हे काम संयम असलेल्या माणसाने घरी करण्यासारखे आहे. त्याच वेळी नकल उघडल्यावर आत घट्ट ग्रीसऐवजी काळे पातळ द्रव्य निघाले, तर समजावे की ॲक्सलच्या आतील ऑईल सील गेले आहे आणि गिअर ऑईल ग्रीसमध्ये मिसळले आहे. केवळ बाहेरचे सील बदलले तर गळती महिन्याभरात परत येते.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची पेटी) यांत एकच ऑईल ओतण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. डिफरन्शियलच्या दात्यांना जीएल-५ दर्जाचे ऑईल लागते, पण जुन्या गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्यातील काही रसायने मानवत नाहीत. तिथे जीएल-४ घालावे. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या ॲक्सलला ताकद पोचवणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. ही रबरे दबून खराब झाली की आधी सर्वांचा संशय शाफ्टच्या (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, जातो आणि नवे क्रॉस घालूनही कंप तसाच राहतो. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना खडूची किंवा रंगाची खूण जरूर करावी, म्हणजे स्लाइडिंग जॉइंट मूळ जुळणीत परत बसतो.

फोर व्हील ड्राइव्ह चालते का हे डांबरी रस्त्यावर तपासू नये. या गाडीत मध्यभागी डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात तेव्हा तो फरक कुठेच मोकळा होत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस व दात्यांवर येतो. मऊ मातीवर चाके किंचित घसरून तो पीळ सोडतात. कर्जत किंवा मुरबाडकडे ओळखीच्या शेतावर, मालकाच्या परवानगीने, पुढचे हब हाताने लॉक करून, म्हणजे पुढची चाके ॲक्सलशी जोडून, ही तपासणी करावी.

सुधारणांपैकी एक मात्र मी प्रत्येक जुन्या जिप्सीत करावी असे म्हणेन, आणि ती जवळजवळ फुकट आहे. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना हवा आत-बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतात. गाडी चालून गरम झालेला ॲक्सल साचलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा एकदम थंड होऊन आक्रसते, आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला किंवा पाण्याखाली असेल तर त्या ओढीने पाणी आत खेचले जाते. ऑईल दुधी होते आणि बेअरिंग काही महिन्यांत वाजू लागतात. ब्रीदरच्या नळीला लांब ऑईल-प्रतिरोधक नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंचावर न्यावे आणि टोकाला छोटा फिल्टर लावावा. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस दरवर्षी येत नाही, पण हिंदमाता आणि अंधेरीचा सबवे दरवर्षी भरतात. ब्रीदर उंच केले म्हणून भरलेल्या सबवेत गाडी घालावी असा याचा अर्थ नाही, कारण इंजिनाचे हवेचे तोंड तिथेच राहते. मात्र गुडघाभर पाण्यातून हळू गेल्यावर प्रत्येक वेळी ऑईल बदलण्याची वेळ येत नाही.

टायरचा हिशोब कागदावर करून पाहावा. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर भरतो आणि २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०४, म्हणजे पाच टक्क्यांनी जास्त. स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ ने धावत असेल आणि घाटात तेवढीच ओढ कमी होईल. २३५/७५ आर १५ वर गेल्यास हा फरक जवळजवळ दहा टक्के होतो. मग पाटे उंच करावे लागतात, त्यामुळे शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचे होज ताणले जातात आणि नुकतीच दुरुस्त केलेली स्टीअरिंगची थरथर परत येण्यास निमित्त मिळते. गाडी एका बाजूला बसली असेल तर पाट्यांना पुन्हा मूळ कमान मारून घ्यावी, बुश आणि यू-बोल्ट नवे घालावेत. एवढ्यानेच ती अपेक्षेपेक्षा बरीच वर उचलली जाते. दिव्यांसाठी रिले (विजेवर चालणारा वेगळा स्विच) आणि जाड वायर घालून मूळ ६०/५५ वॅटच्या बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळू द्यावे. मूळ रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घातला की समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला विशेष काही दिसत नाही.

सामानासाठी ऑपेरा हाऊसच्या पार्ट्सच्या दुकानांपासून सुरुवात करावी, बेअरिंग, सील, बोल्ट आणि हत्यारे नागदेवी स्ट्रीटला मिळतात, तर बंद झालेले भाग कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात शोधावे लागतात. लष्कराने ही गाडी मोठ्या प्रमाणावर वापरली असल्याने सुटे भाग अजून टिकून आहेत. जुना भाग हातात घेऊनच जावे, कारण १९९३ नंतरचा रुंद ट्रॅकचा (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेला) ॲक्सल आणि त्याआधीचा अरुंद ॲक्सल यांचे काही भाग दुकानदारही एकमेकांत मिसळतात. ड्रम लेथवर घासणे आणि डिफरन्शियलच्या दात्यांची जुळणी ही कामे बाहेरच द्यावीत. निघालेले ऑईल गटारात सोडू नये. डब्यात साठवून, वापरलेले ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे.

राहिला डिझेल इंजिनाचा प्रश्न. इंजिन बदलासाठी आरटीओची पूर्वपरवानगी आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद लागते, आणि पेट्रोलच्या गाडीत जुने डिझेल घालण्यासाठी ती मिळवणे अवघड आहे. जड इंजिनाने पुढचे पाटे दबतात, गिअरचे प्रमाण जुळत नाही, आणि एक टनाच्या आसपासच्या या गाडीचा हलकेपणा, जो चिखलात तिचे सर्वांत मोठे बळ आहे, तोच जातो. मूळ इंजिनाचे कॉम्प्रेशन (पिस्टनने निर्माण होणारा दाब) चारही सिलिंडरमध्ये सारखे येत असेल, तर कार्ब्युरेटर पूर्ण उघडून धुवावा, नवे गॅस्केट घालावेत, व्हॉल्व्हचे अंतर फीलर गेजने लावून घ्यावे आणि रेडिएटर आतून साफ करून घ्यावा. कॉम्प्रेशन एखाद्याच सिलिंडरमध्ये कमी आले, तर त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, आणि हेड उतरवून टर्नरकडे (लेथवाल्याकडे) नेणे हे दोन सुट्ट्यांत घरीच होण्यासारखे काम आहे.