वाचक विचारतात: फियॉर्डमधली एक दिवसाची सहल

प्रश्न : आजी-आजोबा आणि दोन मुलांसह आम्ही सहाजण ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टनहून नॉर्वेच्या फियॉर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांच्या) क्रूझला जातोय. बर्गन, फ्लोम आणि गेइरांगरला जहाजाच्याच सहली घ्याव्यात, की आपल्या आपण फिरावं?

उत्तर : बर्गनला सहलीवर पैसे घालवू नका. मासळीबाजारापासून फ्लोयबानेन ही रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी चालत काही मिनिटांवर आहे. ती ३२० मीटर उंचीवर नेते आणि आजोबांना चढावं लागत नाही.

फ्लोमची गोष्ट वेगळी. डोंगरावरच्या मिरडाल स्थानकापर्यंतची रेल्वे जेमतेम २० किलोमीटरची, पण ८६० मीटरहून जास्त चढते; एका बाजूला तासभर लागतो. मोठं जहाज आलं की त्या दिवशीची तिकिटं आधीच संपतात, म्हणून धक्क्यावर उतरून काढू म्हणाल तर फसाल. स्वतः काढणार असाल तर जहाज लागल्यानंतर निदान दीड तासाने सुटणारी गाडी घ्या. परतल्यावरही जहाजावर चढण्याच्या शेवटच्या वेळेआधी दोन तास हाताशी हवेत. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. आपल्या आपण गेलात तर तुमच्यासाठी थांबणार नाही.

गेइरांगरला बऱ्याचदा छोट्या होडीतून किनाऱ्यावर जावं लागतं. होडी हलते, आजींचे गुडघे दुखत असतील तर आधी चौकशी करा. सहल घेतलेल्यांना बहुधा आधी उतरवतात, इथे जहाजाची सहल परवडते.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन आपोआप नॉर्वेची वेळ पकडतो, ती जहाजाच्या वेळेहून वेगळी असू शकते. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर नॉर्वेसाठी शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसाबरोबर ब्रिटनचाही व्हिसा लागेल, परतताना पुन्हा प्रवेश करता येईल असाच.