सुगम्य की सुलभ? कॉलेजच्या पाटीवर काय लिहायचं

तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या तुमच्या कॉलेजात नवीन रॅम्प झालाय, पाटीवर 'दिव्यांगांसाठी सुगम्य प्रवेश' लिहायचं चाललंय, पण सुगम्य हा मराठीच शब्द आहे का, त्यापेक्षा सुलभ बरा नाही का.

सुगम्य चुकीचा नाही. गम् म्हणजे जाणे, म्हणून गम्य म्हणजे जिथं जाता येतं ते. 'अगम्य' त्याचाच भाऊ, फक्त तो आपण डॉक्टरांच्या अक्षरासाठी वापरून टाकला आणि 'सुगम' रेडिओवरच्या संगीताला दिला, म्हणून सुगम्य कानाला परका वाटतो. सुलभमधला लभ् म्हणजे मिळणे. हप्ते सुलभ असतात, दारापर्यंत चाकं घेऊन पोचायचं तर सुगम्यच नेमका. 2015 च्या डिसेंबरात केंद्राचं सुगम्य भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून सरकारी कागदावर तो रुळलाय. शिवाय पाटीवर सुलभ दिसलं की निम्मी जनता शौचालय समजून आत शिरणार, ते वेगळंच.

दिव्यांगचं म्हणाल तर राज्यानं 2022 मध्ये त्या नावाचं खातंच वेगळं काढलं, त्यामुळं ऑफिसला तोच लागणार. माझा कुबड्या वापरणारा मित्र म्हणतो, "दिव्य काय आहे बे त्यात, मला पायऱ्या नकोत एवढंच."

आणि मला त्याचंच पटतं. पाटीवर 'अमक्यांसाठी' लिहूच नका, सरळ 'बिनपायऱ्यांची वाट' लिहा. गुडघे धरलेली आजी, प्लॅस्टर घातलेला पोरगा, पुस्तकांची ट्रॉली ढकलणारे मामा, सगळ्यांना कळतं. 'साठी' आलं की बाकीच्यांना वाटतं हे आपलं नाही आणि मग बिनधास्त तोंडाशीच गाड्या लावतात. एका कॉलेजात हेच बघितलं, पाटी चकाचक, खाली तीन मोटरसायकली, वर गुळगुळीत शहाबादी, पावसात मित्र भिंत धरून चढला आणि चढ तर असला की घसरगुंडीच म्हणा. नियम एकास बाराचा आहे हो, तीन पायऱ्यांची दीड फूट उंची असेल तर रॅम्प 18 फूट लांब पाहिजे.

रॅम्पला मराठी शब्द शोधत बसू नका, 'उतार' लिहिलं तर खालून येणाऱ्याला तो चढच असतो, आणि रॅम्प आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आज्यांनाही कळतो. बाण मात्र गेटपासूनच लावा, रॅम्प मागच्या अंगाला असेल तर नुसत्या दारावरच्या पाटीचा काय उपयोग.